रानात हिचे केस कोण विंचरायचं?

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, ओळखीच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाई पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक ससा घेऊन आमच्याकडे आल्या. ससा म्हणजे मादी होती. पांढरीशुभ्र, लांब रेशमी केसांची. मुलांनी तिचे नाव ठेवले होते कापशी. सुट्टीत शाळेच्या शिपाईमामांनी तिला वेळेवर खायला-प्यायला घातले होते. पण केसांकडे कोणी पाहिले नव्हते. पोटाखाली, काखेत आणि शेपटीभोवती केसांच्या घट्ट जटा झाल्या होत्या. त्यात लेंड्या अडकलेल्या, मूत्राने केस पिवळे पडलेले. आम्ही प्राण्यांवर नव्हे, प्रथिनांवर काम करतो, हे बाईंना ठाऊक होते. पण "तुमच्याकडे प्रयोगशाळा आहे, काहीतरी करा" असा त्यांचा आग्रह.

आम्ही जे केले ते सांगायला आजही संकोच वाटतो. आधी कोमट पाण्याने जटा भिजवल्या. त्या सुटण्याऐवजी आणखी घट्ट झाल्या, आणि कापशी थरथर कापू लागली. मग एक जट बोटांनी वर उचलून कात्रीने कापली. केसांबरोबर दोन सेंटीमीटर कातडीही कापली गेली. पशुवैद्यांनी टाके घातले, आम्हाला चार शब्द सुनावले, आणि कापशी वाचली.

जखम भरल्यावर बाई तिला घेऊन वर्गात गेल्या, तेव्हा सहावीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, ती रानात असती तर तिचे केस कोण विंचरायचं?" बाईंनी तो प्रश्न आमच्याकडे पाठवला. उत्तर एका ओळीत देता आले असते: कोणीच नाही, कारण असा ससा रानात नसतोच. पण मग तो आला कुठून, आणि त्याच्याबरोबर कंगवा आपल्या हातात कसा आला, हे शोधताना आम्ही बरेच मागे गेलो.

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करायला हवा. आपल्याकडे माळावर, उसाच्या फडाकडेला दिसतो तो ससा आणि पिंजऱ्यातला पांढरा ससा यांना मराठीत शब्द एकच आहे. पण प्राणी वेगळे आहेत. आपला रानातला ससा बीळ खणत नाही. त्याची पिल्ले अंगावर केस आणि डोळे उघडे असतानाच जन्मतात, आणि तो कधी माणसाळला नाही. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालचे द्वीपकल्प आणि दक्षिण फ्रान्स इथला. तो बिळात राहतो. त्याची पिल्ले उघडीनागडी आणि डोळे मिटलेली जन्माला येतात, म्हणून विण्याआधी मादी स्वतःच्या छाती-पोटाचे केस उपटून बिळात मऊ अंथरूण करते. सशाच्या केसांचा पहिला उपयोग करणारी ती सशीणच.

हा ससा माणसाळला कधी? अनेक पुस्तकांत एक झकास गोष्ट छापलेली असते. इ. स. ६००च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी सशाची नवजात पिल्ले 'मांस' नव्हेत असा निर्वाळा दिला; त्यामुळे उपासाच्या दिवसांतही ती खाता यावीत म्हणून फ्रान्समधल्या मठांत ससे पाळू लागले. आम्हीही ही गोष्ट एका व्याख्यानात ठोकून दिली होती. २०१८ साली ऑक्सफर्डच्या ग्रेगर लार्सन यांच्या गटाने तिचा माग काढला आणि तिच्यातली हवाच काढून घेतली. पोपचा असा आदेशच सापडत नाही. सहाव्या शतकातला इतिहासकार बिशप, तूरचा ग्रेगरी, याने एका माणसाने उपासाच्या काळात सशाची पिल्ले खाल्ल्याचा उल्लेख केला होता. पुढच्या लेखकांनी एका ग्रेगरीचा दुसरा ग्रेगरी केला, आणि प्रत्येकाने आधीच्याचे उतरवून घेतले. ससा एका विशिष्ट वर्षी, एका मठात माणसाळला नाही. रोमन लोक त्याला भिंतीआड कोंडत, मध्ययुगात त्याच्यासाठी राखीव कुरणे असत, मग तो खुराड्यात आला. हा सगळा शेकडो वर्षांचा सावकाश प्रवास होता. २०१४ साली सशाच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसले: माणसाळताना एखादे जनुक झटकन बदलले असे नाही, तर अनेक जनुकांत थोडे थोडे फरक साठत गेले.

लांब केसांची गोष्ट मात्र याच्या अगदी उलटी आहे.

अंगोरा हे तुर्कस्तानातल्या अंकारा शहराचे जुने नाव. तिथल्या लांब केसांच्या शेळ्या प्रसिद्ध होत्या, त्यांच्या केसांना मोहेर म्हणतात. मांजरही अंगोरा, शेळीही अंगोरा; म्हणून लांब केसांच्या सशालाही तेच नाव पडले. तो तुर्कस्तानातून आला याला पुरावा नाही. १७२३ साली खलाशांनी असे ससे फ्रान्सच्या बंदरात आणले अशी एक कथा सांगतात. पोपच्या कथेने हात पोळल्यामुळे आम्ही ती कथा म्हणूनच सांगतो. अठराव्या शतकाच्या मध्याला ब्युफाँच्या निसर्गेतिहासात अंगोरा ससा आहे, हे मात्र नक्की. म्हणजे त्या सुमारास युरोपात तो ओळखीचा झाला होता आणि त्याच्या केसांचे सूत निघू लागले होते. डार्विनने १८६८च्या आपल्या ग्रंथात पाळीव सशांवर एक प्रकरण लिहिले. त्यात अंगोराबद्दल त्याने गंमतशीर नोंद केली आहे. स्वभावाने इतरांहून वेगळी अशी सशांची ही एकच जात आहे, ती जास्त मिळूनमिसळून राहते असे म्हणतात. असे का, ते डार्विन सांगत नाही. आमचा आपला तर्क असा, की जो प्राणी लहानपणापासून दर आठवड्याला मांडीवर बसून विंचरून घेतो, तो माणसाला थोडा कमीच बिचकणार. तर्कच आहे हा. कोणी प्रयोग केला असेल तर आम्हाला जरूर कळवावे.

डार्विननंतर बावीस वर्षांनी या लांब केसांनी विज्ञानात एक मोठी कामगिरी बजावली. ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वॉल्टर हीप या इंग्रज शास्त्रज्ञाला एक प्रश्न पडला होता. गर्भ ज्या आईच्या पोटात वाढतो, तिचे गुण त्यात उतरतात का? गर्भाशय म्हणजे केवळ शेत, की त्याचाही बियाण्यावर रंग चढतो? त्या काळी जनावरे पैदा करणाऱ्या लोकांत याविषयी नाना समजुती होत्या. हीपने २७ एप्रिल १८९० रोजी एका अंगोरा मादीच्या बीजवाहिनीतून दोन भ्रूण काढले. अंगोरा नराशी संयोग होऊन ३२ तास झाले होते, भ्रूणांचे विभाजन सुरू झाले होते. ते त्याने लगेच एका बेल्जियन हेअर मादीच्या बीजवाहिनीत ठेवले. (बेल्जियन हेअर हा नावाने 'हेअर', म्हणजे रानातला ससा, पण असतो पाळीव ससाच. सशांच्या बाबतीत नावांनी आपल्याला फसवायचे ठरवलेलेच दिसते.) या मादीचा तिच्याच जातीच्या नराशी तीन तासांपूर्वी संयोग झाला होता. यथावकाश तिला सहा पिल्ले झाली. चार आईसारखी, आखूड केसांची. दोन पांढरी, लांब रेशमी केसांची. शिवाय अंगोरा आईबापांप्रमाणे तीही समोरच्याकडे पाहताना डोके हळूहळू दोन्ही बाजूंना डोलवत, असेही हीपने टिपून ठेवले. परक्या आईच्या पोटात वाढूनही ती अंगोराच राहिली.

एका मादीतून दुसरीत भ्रूण नेऊन जिवंत पिल्ले जन्माला आल्याचा सस्तन प्राण्यांतला हा पहिला दाखला. पुढे गाई-म्हशींतले भ्रूणरोपण आणि १९७८चे टेस्ट-ट्यूब बाळ याच वाटेवरचे. या प्रयोगात अंगोराच का निवडला, हे मुलांना विचारून पाहावे. उत्तर सोपे आहे: पिल्लू कोणाचे, हे डोळ्यांनी ओळखता यायला हवे होते. रक्ततपासणी नाही, जनुकतपासणी नाही. लांब केस हीच त्या भ्रूणाला बांधलेली चिठ्ठी.

हीपने प्रयोग केला तेव्हा मेंडेलचा निबंध छापून २४ वर्षे झाली होती आणि तो धूळ खात पडला होता. १९०० साली तो पुन्हा उजेडात आला, आणि लोक मटार सोडून प्राण्यांकडे वळले. अमेरिकेत हार्वर्डच्या विल्यम कॅसल यांनी १९०३ मध्ये दाखवले, की सस्तन प्राण्यांतली अंगोरा केसाळी अप्रभावी गुणाप्रमाणे वागते. १९०५ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स हर्स्ट यांनी बेल्जियन हेअर आणि अंगोरा यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी पिल्ले आखूड केसांची. त्यांच्या पिल्लांत मात्र साधारण चारात एक लांब केसांचे. म्हणजे हा सारा रेशमी थाट एकाच जनुकाच्या फरकावर उभा होता. रानात अशी पिल्ले अधूनमधून जन्मली असतीलच. काटेरी झुडपांत, चिखलात ती फार दिवस टिकली नसावीत. कोणा माणसाने त्यातले एक उचलून घरात ठेवले, दुसऱ्याशी जुळवले, आणि गुण टिकला.

जनुक कोणते, ते कळायला आणखी नव्वद वर्षे गेली. १९९४ साली उंदरांवर काम करणाऱ्या एका गटाने एफजीएफ-५ नावाचे प्रथिन तयार करणारे जनुक मुद्दाम निकामी केले. उंदरांना बाकी काही झाले नाही. फक्त केस नेहमीपेक्षा बरेच लांब वाढले. मग त्यांच्या लक्षात आले, की प्रयोगशाळांत 'अंगोरा' नावाने सांभाळलेल्या जुन्या वाणाच्या उंदरांतही याच जनुकाचा तुकडा गळालेला आहे. २००४ मध्ये सशांतल्या अंगोरा गुणाचा संबंध याच जनुकाशी जुळला. त्यानंतर काही वर्षांत लांब केसांचे कुत्रे आणि मांजरे यांचीही तीच कथा निघाली. माणसेही सुटली नाहीत: २०१४ मध्ये, हे जनुक बिघडलेल्या काही कुटुंबांत पापण्यांचे केस फार लांब वाढतात, असे प्रसिद्ध झाले.

या प्रथिनाचे काम समजून घेण्यासारखे आहे. केस सतत वाढत नाहीत. केसाचे मूळ काही काळ वाढते, मग थांबते, विश्रांती घेते, आणि जुना केस गळून नवा येतो. 'आता पुरे, थांब' हा निरोप पोचवणाऱ्यांत एफजीएफ-५ मुख्य आहे. निरोप्याच नसला तर केस वाढतच राहतो. साध्या सशाचा केस सुमारे पाच आठवडे वाढून थांबतो, तर अंगोराचा चौदा आठवड्यांच्या आसपास. अंगोराचा केस वेगळ्या दर्जाचा असतो असा समज आहे, पण मुख्य फरक वेळेचा आहे. लोकरीसाठी ससे पाळणारे लोक दर तीन महिन्यांनी, साधारण ९० ते १०० दिवसांनी, केस का उतरवतात, त्याचे कारण हेच. त्यापुढे थांबले तर केस गळू लागतात आणि गळलेला केस अंगावरच्या केसांत अडकतो.

इथे कापशीच्या जटांचा उलगडा झाला. सशाची जीभ आणि पुढचे पंजे आखूड केसांसाठी घडलेले आहेत. केस लांब झाले. जीभ होती तेवढीच राहिली. गळलेले बारीक केस बाहेर पडायला वाटच नाही. शिवाय प्रत्येक केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे खवले असतात. केस ओले करून चोळले, की ते खवले एकमेकांत अडकतात आणि मागे फिरत नाहीत. काश्मिरी नमदा किंवा आपला बुरणूस याच तत्त्वावर बनतो: लोकर, पाणी आणि दाब. केराटिन हे प्रथिन आम्ही वर्गात शिकवतो, खवल्यांची चित्रे दाखवतो. आणि त्या दिवशी जिवंत सशाच्या पोटावर आम्ही हाताने नमदा तयार करत होतो! कातडीही तशीच. सशाची कातडी पातळ आणि सैल असते. जट वर ओढली, की तिच्याखाली तंबूसारखी उभी राहते. केसांच्या गर्दीत ती दिसत नाही, आणि कात्री तंबूच कापते.

म्हणजे कंगवा हा या जातीचा अर्धा अवयवच म्हणायचा. फक्त तो आपल्या हातात आहे. तो हातात असलेला माणूस कसा असतो, याचे इतिहासातले एक पान सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीच्या एस.एस. या संघटनेने छळछावण्यांच्या आवारात अंगोरा ससे पाळण्याचा मोठा उद्योग चालवला. वैमानिकांच्या आणि सैनिकांच्या गरम कपड्यांसाठी लोकर हवी होती. १९४३पर्यंत ३१ छावण्यांत सुमारे ६५ हजार ससे झाले. आउश्वित्झ, बुखेनवाल्ड, दाखाउ ही नावे त्या यादीत आहेत. १९४५ मध्ये सिग्रिड शुल्त्झ या अमेरिकी पत्रकार बाईंना हिमलरच्या कागदपत्रांत एक जाडजूड छायाचित्रसंग्रह सापडला, नाव 'अंगोरा'. त्यात स्वच्छ, टापटीप खुराडी, सशांची निगा, लोकरीच्या उत्पादनाचे तक्ते आहेत. हा संग्रह अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत ठेवलेला आहे. सशांना सकस खाणे आणि ऊब मिळत होती. त्याच कुंपणाआड माणसे उपासाने आणि थंडीने मरत होती. ही हकिकत वाचल्यावर काही दिवस आम्हाला कापशीच्या केसांना हात लावावासा वाटेना. यात सशांचा काय दोष, हे अर्थातच खरे.

सशाला शांत कसे ठेवायचे याचाही इतिहास आहे, आणि तो घरी केस विंचरणाऱ्याच्या थेट कामाचा आहे. १६४६ साली आथानासियुस किर्खर या जेझुइट पंडिताने एका कोंबडीचा 'अद्भुत प्रयोग' छापला. कोंबडीला जमिनीवर दाबून धरायचे, चोचीपुढे खडूची रेघ ओढायची, आणि हात काढला तरी ती हलत नाही. त्याने ते कोंबडीच्या कल्पनाशक्तीवर ढकलले. पुढे बेडूक, ससे, गिनीपिग अशा अनेक प्राण्यांत हेच दिसले आणि त्याला 'प्राण्यांचे संमोहन' म्हणू लागले. सशाला अलगद उताणे केले, की तो पाय सैल सोडून निपचित पडतो. किती छान झोपला, असे पाहणाऱ्याला वाटते. नखे कापायला, पोटाकडचे केस विंचरायला ही युक्ती अनेक पाळणारे वापरत आले. २००६ मध्ये इंग्लंडच्या अ‍ॅन मॅकब्राइड आणि सहकाऱ्यांनी अशा सशांचे श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तातली ताणाची संप्रेरके तपासली. ससा झोपलेला नव्हता, सुखावलेलाही नव्हता. तो घाबरलेला होता. कोल्ह्याच्या तोंडात सापडल्यावर मेल्यासारखे पडून राहणे हा त्याचा शेवटचा उपाय, तोच तो आपल्या मांडीवर करत होता. साडेतीनशे वर्षे पाहणाऱ्याने आपल्या सोयीचा अर्थ लावला, असे म्हणायला हरकत नाही. सशाला उताणे करू नये ते यासाठी.

दुसरी समजूत पोटातल्या केसांची. ससा स्वतःला चाटतो, केस गिळतो, आणि त्याला उलटी करता येत नाही. मांजर केसांची गुठळी ओकून टाकते; सशाला ती सोय नाही. त्यामुळे ससा खायचा थांबून मेला आणि पोट फाडल्यावर केसांचा गोळा निघाला, की केसांनीच मारले असा निष्कर्ष निघे. आता पशुवैद्य उलट्या बाजूने पाहतात. निरोगी सशाच्या जठरातही केस असतातच. चाऱ्यातला चोथा कमी पडला, पाणी कमी झाले किंवा भीतीने, दुखण्याने आतड्यांची हालचाल मंदावली, की जठरातले पाणी आटते आणि केस व अन्न यांचा घट्ट गोळा होतो. गोळा हा बहुतेक वेळा परिणाम असतो. सशाचे पचन आतड्यांच्या सततच्या हालचालीवर फार अवलंबून आहे. तो रात्री मऊ लेंड्या टाकून त्या थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो, हे मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ सालीच लिहिले होते. कापशीच्या शेपटीभोवती अडकलेला मऊ चिकट माल तोच होता. जटांमुळे तिला तिथवर तोंड नेता येत नव्हते. म्हणजे ती घाणीत होती एवढेच नव्हे, तर तिच्या अन्नाचा एक भागही चुकत होता. हे आम्हाला पशुवैद्यांनी समजावले तेव्हा आमचा कात्रीचा पराक्रम आणखीनच छोटा वाटू लागला.

लोकर काढण्याच्या रीतींबद्दल थोडे. जर्मन रीत कातरण्याची. फ्रेंच रीत उपटण्याची: केस आपोआप गळायच्या वेळी हाताने ओढून काढायचा. वेळ साधली तर केस सहज येतो. नाही साधली तर त्वचा ओरबाडते. फ्रान्समध्ये यावर एक तोडगा निघाला. सशांना एका झाडाचा वाळलेला पाला खायला देत, आणि त्यातल्या मिमोसीन या द्रव्याने केस मुळापासून सुटत. ते झाड म्हणजे आपली सुबाभूळ! जनावरांना निव्वळ सुबाभूळ खायला घातली तर केस झडतात, हे आपल्याकडे ज्यांनी ती चाऱ्यासाठी लावली त्यांना माहीत आहे. घरच्या सशाला ही पाने घालू नयेत, हे वेगळे सांगायला नको. पुढे अंगोरा लोकरीचा बहुतांश व्यवसाय चीनमध्ये गेला. २०१३ साली तिथल्या काही ठिकाणी जिवंत सशांचे केस ओरबाडतानाची चित्रफीत एका प्राणिहक्क संघटनेने प्रसिद्ध केली, आणि कपड्यांच्या अनेक मोठ्या विक्रेत्यांनी ही लोकर घेणे थांबवले. आपल्या देशात हिमाचलमधल्या कुलू खोऱ्यात अंगोरा ससे पाळतात. गारसा इथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे केंद्र आहे. तिथली हवा थंड आहे. पुण्या-नगरच्या, नागपूरच्या उन्हाळ्यात अंगोरा आणून ठेवणे ही मुळात फारशी शहाणपणाची गोष्ट नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, आणि तापमान तिशी ओलांडू लागले, की लांब केसांत गुंडाळलेला ससा संकटात येतो.

पण आणलाच असेल, किंवा कापशीसारखा कोणी दारात सोडून गेला असेल, तर काय करायचे? पशुवैद्यांकडून आणि नंतर स्वतःच्या हातांनी आम्ही जे शिकलो ते असे.

सशाला कानांनी उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. त्याची हाडे हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू दांडगे. घाबरून हवेत जोराने लाथ झाडली, तर स्वतःचाच कणा मोडून घेतो. म्हणून त्याला जमिनीवर किंवा बुटक्या टेबलावर घ्यावे, खाली गोणपाट किंवा जाड टॉवेल असावा म्हणजे पाय घसरत नाहीत, आणि एक हात सतत त्याच्या अंगावर असावा. डोके आपल्या काखेकडे वळवले तर तो बराच निवांत बसतो. आधी बोटांनी गुंते चाचपावेत. मग विरळ दातांचा, बोथट टोकांचा धातूचा कंगवा केसांच्या टोकाकडून सुरू करून हळूहळू मुळाकडे न्यावा. मुळाकडून ओढत आणू नये. दुसऱ्या हाताने केस मुळाशी धरून ठेवले, की ओढ कातडीपर्यंत पोचत नाही. आपल्या आजीने आपले केस असेच विंचरले असतील. पाठ सोपी असते आणि सगळे तीच विंचरत बसतात. जटा होतात त्या काखेत, हनुवटीखाली, मांड्यांच्या आत आणि शेपटीखाली. पाच-दहा मिनिटे पुरे, उरलेले उद्या. आठवड्यातून दोनदा तरी हे व्हावे, केस गळण्याच्या दिवसांत रोज.

जट झालीच, तर भिजवू नये. कोरडी ठेवून बोटांनी थोडी थोडी फोडावी. सुटत नसेल तर जट आणि कातडी यांच्या मध्ये कंगवा आडवा घालावा आणि कंगव्याच्या बाहेरच्या बाजूनेच कापावे, म्हणजे कात्रीला कातडी सापडत नाही. कंगवा आत जातच नसेल इतकी जट घट्ट असेल, तर ते काम पशुवैद्यांचे. अंघोळ घालू नये. घाण झालेला भागच ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. शेपटीकडचे केस आखूडच ठेवावेत, कारण ओलसर घाणीवर माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. पावसाळ्यात तर रोज पाहावे. पिसवांसाठी कुत्र्या-मांजरांचे औषध सशाला लावू नये. त्यातले फिप्रोनिल सशाच्या जिवावर बेतू शकते. लोकर विकायची नसेल, तर सगळे अंगच कातरून केस दोन-तीन सेंटीमीटर ठेवणे सर्वांत सुखाचे. दिसायला ससा थोडा बावळट दिसतो, पण त्याला त्याचे काही वाटत नाही. वाळले गवत आणि पाणी कायम पुढ्यात असावे. ससा अर्धा दिवस खात नसेल, लेंड्या बंद झाल्या असतील, तर उद्यापर्यंत वाट पाहू नये.

कापशी पुन्हा शाळेत आहे. सुट्टीत कोणी घरी न्यायचे, याची यादी बाईंनी प्रयोगशाळेच्या दारावर लावली आहे. सहावीतली ती मुलगी आता आठवीत गेली. तिने आणि तिच्या गटाने एक वही केली आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कापशीला विंचरायचे, कंगव्यात आलेले केस प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलायचे, आणि तारखेपुढे वजन लिहायचे. मागच्या महिन्यात बाईंनी त्या नोंदींचा आलेख आम्हाला दाखवला. चढ-उतार आहेत. दोन उंचवट्यांमधले अंतर चौदा आठवड्यांच्या जवळ येते का, ते मुले मोजत आहेत. पण मधल्या दिवाळीच्या सुट्टीत कोणी तोलायला विसरले, त्यामुळे एक उंचवटा खरा की खोटा यावर वर्गात भांडण चालू आहे.